असानकुलच्या अंगणातली युर्त

असानकुलच्या घरी कुणी मेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्या शनिवारी दुपारी अर्ध्या बिश्केकला हे पटवून देता देता त्याच्या तोंडाला फेस आला, आणि तोकमोककडचे काही नातलग अजूनही त्याच्याकडे बघताना एक डोळा बारीक करतात.

सगळ्याचं मूळ म्हणजे ओरोझाली. असानकुलची मुलगी मीरिम दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि ओरोझालीचा मुलगा एल्दियार याचे सगळे दात तिनं तपासून टाकले होते. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. राहिलं होतं एवढंच, की मुलाच्या आईनं येऊन मुलीच्या कानात डूल घालायचे आणि सोयरीक पक्की करायची. पण ओरोझालीचा मुहूर्त काही लागेना. वसंतात त्याचा गुडघा दुखला, उन्हाळ्यात त्याचा घोडा लंगडला, आणि मग एका लग्नात त्यानं सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "असानकुल माणूस वाईट नाही हो. पण त्या घरात कधी पाहुणा बघितलाय कुणी? आमच्याकडे गेल्या महिन्यातच जर्मन येऊन गेले."

किरगिझ माणसाला घोडेचोर म्हणा, तो दोन दिवस रागावेल. घोडा चोरायला निदान अक्कल लागते. पण त्याच्या घरी पाहुणा येत नाही म्हणालात, तर त्याच्या सात पिढ्या जमिनीखाली कूस बदलतात. असानकुल त्या रात्री जेवला नाही. हवामान खात्यातून निवृत्त झालेला माणूस तो. नोकरीभर त्यानं उद्याचं आभाळ सांगितलं होतं आणि शहरानं नोकरीभर त्याच्या अंदाजाच्या उलट कपडे घातले होते. अपमान गिळायची त्याला सवय होती, पण हा घशात अडकला.

"परदेशी पाहुणे आणणार," त्यानं बायकोला सांगितलं. "आपल्या बाल्कनीच्या खोलीत. आणि त्यांच्या पंगतीला ओरोझालीला बसवणार."

"आणा," बुरुलचा म्हणाली. ती शाळेत नर्स होती. अंगात ताप असताना माणसं काय काय बोलतात हे तिनं पुष्कळ ऐकलं होतं.

मीरिमनं फोनवर खोलीची जाहिरात टाकली आणि इमारतीला सल्ले देण्याचा ताप चढला. तळमजल्यावरच्या राइसा पावलोव्हना म्हणजे इमारतीचं सरकारच. गच्चीची किल्ली आणि पाण्याचा मुख्य नळ दोन्ही त्यांच्या ताब्यात. त्या वर आल्या आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "भिंतीवरचा गालिचा आधी काढ. परदेशी लोकांना धूळ सोसत नाही." गालिचा काढला तर मागचा गिलावा त्याच्याबरोबर आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ट्रॉलीबस-चालक ते बघून हळहळले. "गालिचा का काढलात? परदेशी लोक गालिच्यासाठीच तर येतात!" गालिचा पुन्हा लावायला गेले तर आता खिळा धरायला भिंतच उरली नव्हती. मग राइसा पावलोव्हनांनी भोकावर कॅलेंडर लावायला सांगितलं, ट्रॉलीबसवाल्यांनी कपाट, आणि असानकुलनं दोघांचंही मन राखून कपाटावर कॅलेंडर लावलं. खोली आता कपाटाला छान पुरत होती. पाहुण्याला नाही.

तेवढ्यात बेल्जियमच्या एका जोडप्याचा निरोप आला. त्यांनी लिहिलं होतं: आम्ही आमचे आम्हीच फिरतो. एजंट नको, गाइड नको, हॉटेल नको. तिथली माणसं जशी राहतात तसंच आम्हाला राहायचंय. तुमच्याकडे युर्त आहे का?

"इथली माणसं फ्लॅटमध्ये राहतात म्हणावं," बुरुलचा म्हणाली.

पण असानकुलनं "आहे" असं लिहून पाठवलंसुद्धा. युर्त, म्हणजे नमद्याचा तो गोल तंबू, असानकुलच्या आजोबांकडे होता. त्यानंतर त्या घराण्यात कुणी गाद्यांखेरीज काही गुंडाळलं नव्हतं.

"युर्त लावणार कुठं?"

"खाली अंगणात. बाकाशेजारी."

बुरुलचाच्या हातातली सुरी थांबली. "अंगणात युर्त? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? अंगणात युर्त कधी लावतात?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. डोंगरात युर्त राहायला असते. पण शहरातल्या इमारतीच्या अंगणात युर्त उभी राहते ती एकाच कारणासाठी. वर कुणीतरी गेलेलं असतं. मयत खाली आणून युर्तीत डाव्या अंगाला ठेवतात, बायका आत भिंतीकडे तोंड करून विलाप करतात, पुरुष बाहेर ओळीनं उभे राहून रडतात, आणि येणारा प्रत्येक जण कोपऱ्यावरूनच टाहो फोडत धावत येतो. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी उभी राहिलेली युर्त त्या वसाहतीनं कधी पाहिली नव्हती.

"मी फुगे लावीन," असानकुल म्हणाला. "लाल-पिवळे फुगे बघून कोण म्हणेल मयत?"

"आणि वारा सुटला तर?"

"शनिवारी वारा नाही," असानकुलनं खात्याच्या आवाजात सांगितलं. त्या आवाजापुढं घरात कुणी बोलत नसे.

युर्ती भाड्यानं देणारा बेकबोलोत शनिवारी सकाळी ट्रक घेऊन आला. युर्तीबरोबर त्यानं एक भली थोरली कढई उतरवली, मग लांब टेबलं, मग बाकं, मग चहाच्या पाण्याचा समोवार, मग काळ्या रुमालांचं एक गाठोडं.

असानकुलचे डोळे पांढरे झाले. "एवढं कशाला? मला फक्त युर्त हवी."

"बायके, हा सेट असतो. तुटका सेट आम्ही देत नाही," मोठ्या भावाला 'बायके' म्हणायची तिकडची रीत सांभाळत बेकबोलोत हळुवारपणे म्हणाला. "दुःखाच्या घरी माणसानं बाकं कुठं शोधायची?"

"अरे, इथं कुणी मेलेलं नाही!"

बेकबोलोतनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. "पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात, बायके."

पाहुणे आले ते पायी. विमानतळावरून नव्हे, ओशहून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून, आणि बसथांब्यापासून पाठीवर घराएवढी ओझी घेऊन. लीव्हन नावाचा तो माणूस ट्रॉलीबसच्या खांबाइतका उंच होता. आनेलीस नावाची त्याची बायको त्याच्या कोपराला लागत होती. असानकुलनं त्यांच्यासाठी डोंगरातली दरी, संग्रहालय आणि मोठा चौक असा बेत आखला होता. त्यांनी तो हसून बाजूला ठेवला. लीव्हन जगभरच्या जुन्या बसथांब्यांचे फोटो काढत फिरत होता. त्यानं आधी इमारतीच्या गरम पाण्याच्या नळाचा फोटो काढला, मग कचऱ्याच्या शेडचा. "हे खरं बिश्केक!" तो मोडक्यातोडक्या रशियनमध्ये हर्षानं म्हणाला. असानकुल त्या शेडबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करत होता.

चहाच्या वेळी तर बुरुलचाचाही जीव खालीवर झाला. तिनं रीतीप्रमाणे पेल्यात तळाशी थोडाच चहा ओतला. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ होतो, उठा आता. लीव्हननं पेला बघितला, बिचारीकडे चहा कमी पडला असावा असं समजून किटली स्वतःकडे ओढली आणि सगळ्यांचे पेले काठोकाठ भरले. असानकुलला आपल्याच अंगणातून पाहुण्यानं हाकललं. तो खरंच उठला.

उठायला हवंच होतं म्हणा. परदेशी पाहुणा घरी उतरला की कचेरीत वर्दी द्यावी लागते, आणि संध्याकाळी ओरोझाली सहकुटुंब जेवायला येणार होता. त्याच्यापुढं कागदपत्रांसकट पाहुणे मांडायचे होते. असानकुल कचेरीकडे निघाला. लीव्हनला झोप अनावर झाली होती. तो युर्तीत शिरून डाव्या अंगाला आडवा झाला आणि त्यानं डोक्यावरून रजई ओढून घेतली. आनेलीस राइसा पावलोव्हनांबरोबर तळघरात लोणच्याच्या बरण्या बघायला गेली. बुरुलचा कढईशेजारी बसून कांदा चिरत होती आणि डोळे पुसत होती.

तेव्हा वारा सुटला. सगळे फुगे एकदम सुटले आणि घोळक्यानं डोंगरांकडे निघून गेले. असानकुलनं कोपऱ्यावरून ते पाहिलं. पण खात्यात असताना झालेल्या सवयीनं त्यानं तिकडे दुर्लक्ष केलं.

कचेरीत पहिल्या खिडकीनं त्याला चौथीकडे पाठवलं. चौथ्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पाहुणे कुठल्या घरात उतरलेत?"

"युर्तीत."

"युर्तीचा मजला कितवा?"

"युर्तीला मजला नसतो, ताई."

"मग तळमजला. खोल्या?"

"गोल आहे ती."

बाईंनी मान वर केली. असल्या माणसांशी रोज गाठ पडत असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. "अंगणातल्या युर्तीला परवानगी लागते. मयत असेल तर लागत नाही. मयत आहे का?"

"नाही!"

"मग अवघड आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती. "तुम्ही त्या बाकावर बसा. साहेब येतील."

साहेब येईपर्यंत असानकुल बाकावर बसला. दारावरच्या पहारेकऱ्यानं सगळ्यांचे फोन काढून घेतले होते, म्हणून फोन करून कुणावर रागवायचीही सोय नव्हती. नाहीतरी त्याच्या फोनवर कुणाचा फोन येणार नव्हता. आणि नेमकं तिथंच सगळं बिघडलं.

झालं असं, की असानकुलचा एक चुलतभाऊ मिनीबस चालवतो. त्यानं गाडीतून अंगण पाहिलं. असानकुलच्या बाल्कनीखाली युर्त, पेटलेली कढई, लांब बाकं, आणि बुरुलचा एकटी बसून डोळे पुसतेय. असानकुल कुठंच नाही. त्यानं भर रस्त्यात गाडी थांबवली, टोपी काढली आणि फोन उचलला. असानकुलला नव्हे, बरं का. जिथं दुःख झालंय त्या घरी फोन करून "खरं का हो?" असं विचारणं हा आमच्याकडे शुद्ध रानटीपणा समजतात. विचारायचं नसतं. यायचं असतं. तेव्हा त्यानं बाकीच्या सगळ्यांना फोन केले, त्या सगळ्यांनी आणखी सगळ्यांना केले, आणि बिचाऱ्या घराला त्रास नको म्हणून त्या घराला तेवढं कुणी कळवलं नाही.

बुरुलचा मांस आणायला शहरातल्याच ओश बाजारात गेली, तेवढ्यात पहिली गाडी येऊन थांबली. तोकमोकहून काल्यचा आपा आली होती. असानकुलची थोरली आत्या, घराण्यातली सगळ्यात मोठी बाई. ती विलाप करतच युर्तीत शिरली. तिच्यामागून सुना शिरल्या. डाव्या अंगाला रजईखाली लांबलचक देह होता आणि त्याचे पाय रजईबाहेर वीतभर आले होते.

"अरे माझ्या काळजा!" काल्यचा आपानं त्या पायांवर अंग टाकलं. "मेल्यावर केवढा वाढलास रे!"

मयत उठून बसलं.

सुना किंचाळत दाराकडे पळाल्या. एक जणी समोवारावर पडली. काल्यचा आपा मात्र जागची हलली नाही. तिनं लीव्हनकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "असानकुल, दाढी कधी ठेवलीस?"

लीव्हनला किरगिझ येत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की एक म्हातारी त्याचे पाय धरून ढसाढसा रडतेय. या देशातले लोक पाहुण्याचं फार प्रेमानं स्वागत करतात असं त्यानं ऐकलं होतं, पण इतकं असेल याची त्याला कल्पना नव्हती. त्यानं म्हातारीला मिठी मारली आणि तोही रडायला लागला. गलका ऐकून आनेलीस धावत आली. तिनं नवऱ्याला रडताना पाहिलं आणि आत बायकांच्या ओळीत बसून तिनंही सूर लावला. कुणीतरी तिच्या डोक्याला काळा रुमाल बांधला.

"परदेशातला दोस्त दिसतो," बायका एकमेकींना म्हणाल्या. "मयताजवळ बसलेला होता बिचारा."

"मग मयत कुठंय?"

"आणतच असतील." हा प्रश्न तिथंच मिटला.

राइसा पावलोव्हनांनी असानकुलला सकाळीच धडधाकट पाहिलं होतं. पण माणूस सकाळी असतो आणि दुपारी नसतो. त्यांचा दुसरा नवरा तर चहा आणि साखर यांच्यामधल्या वेळेत गेला होता. त्यांनी कमरेला फडका बांधला आणि कढई हाती घेतली. "मी सांगितलं होतं, युर्त नको, खोली पुरे आहे म्हणून," एवढंच त्या म्हणाल्या.

बुरुलचा पिशव्या घेऊन परतली तेव्हा अंगण काळंभोर झालं होतं. तिला बघताच बायकांनी तिच्या गळ्यात पडून एकच आकांत केला. तिनं विचारलं, "कोण गेलं? अगं, कोण गेलं?" तिला उत्तर द्यायची कुणाची छाती होईना. तिनं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे होते. एकच माणूस नव्हता, आणि तो रक्तदाब घेऊन सरकारी कचेरीत गेलेला होता. बुरुलचाच्या हातातल्या पिशव्या गळून पडल्या. बायकांनी तिला धरून आत नेलं.

इकडे असानकुलला साहेब काही भेटले नाहीत. फोन परत घेऊन, कुरकुरत, तो पायीच घरी आला आणि कोपऱ्यावर वळला. समोर युर्त. युर्तीबाहेर काठ्यांवर वाकून रडणाऱ्या पुरुषांची रांग. आता आयुष्यभर अंगात मुरलेली रीत माणसाला विचार करायला वेळ देत नाही. असानकुलचे पाय आपोआप पळायला लागले, तोंड आपोआप उघडलं, आणि "अरे माझ्या काळजा! कुठं शोधू रे तुला!" असा टाहो फोडत तो धावत जाऊन रांगेत उभा राहिला. रडणारा माणूस वर बघत नसतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. रडता रडता त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"तिसऱ्या मजल्यावरचा असानकुल," शेजारी मान खाली घालून म्हणाला. "फार भला माणूस."

"अरेरे!" असानकुल म्हणाला, आणि पुन्हा मोठ्यानं रडला.

मग त्याला कळलं.

पहिल्या क्षणी तर त्याला खरोखर शंका आली. त्यानं स्वतःच्या मनगटाची नाडी बघितली. मग त्याच्या ध्यानात आलं, की पलीकडे काठी टेकून उभा असलेला तो जाडजूड, नाक ओढणारा माणूस ओरोझाली आहे. ओरोझालीच्या मागं एक मेंढी बांधलेली होती आणि पुढं लीव्हन उभा राहून आकाशाकडे तोंड करून रडत होता.

"बघा, बघा!" ओरोझाली भरल्या गळ्यानं रांगेला सांगत होता. "सातासमुद्रापलीकडचा माणूस येऊन आपल्या असानकुलसाठी रडतोय! माझ्या दारात जर्मन आले, जेवले, गेले. माझ्यासाठी एक तरी रडेल का? आणि मी गाढव, या माणसाच्या घरी पाहुणा येत नाही म्हणालो! याला व्याही म्हणायचं राहून गेलं रे!"

असानकुलनं मान आणखी खाली घातली. जिवंतपणी त्याच्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. शिवाय ओरोझाली आता छाती फुगवत होता. मयताच्या दारात चारचौघांत उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही, हे तिथल्या मेंढीलाही माहीत होतं.

"तर आज मी," ओरोझाली गरजला, "या सगळ्यांच्या देखत सांगतो, की असानकुलची मुलगी मीरिम ही..." आणि इथं त्याला रडू आवरेना. तो खिशात रुमाल शोधू लागला.

'बोल,' असानकुल मनात म्हणाला. 'नाक नंतर पूस. बोल.'

त्याच वेळी युर्तीतून बुरुलचाचा आवाज आला. ती विलाप म्हणत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आता ती म्हणत होती:

*"आभाळाकडं बघायचास रे, पायाखाली बघितलं नाहीस,*
*ऊन पडेल म्हणालास, मी पिशवीत छत्री घेतली.*
*धो धो पाऊस कोसळला, छत्री पिशवीतच ठेवली,*
*भिजत आले चारचौघींत, तुझा शब्द पडू दिला नाही.*
*आता कोण सांगेल मला, उद्या काय व्हायचं ते,*
*आणि चुकलं तर रे राजा, मी रुसू कुणावर..."*

तिथं तिचा आवाज फुटला. पुढचा शब्द आलाच नाही.

असानकुलनं एकदा ओरोझालीकडे पाहिलं. रुमाल सापडला होता, वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. आणखी थोडा वेळ मेलेला राहिला असता तर पोरीचं सोनं झालं असतं. पण तो फुटलेला स्वर त्याच्यानं ऐकवेना. रांग मोडून तो धावला आणि पुरुषानं जायचं नसतं त्या दारातून थेट बायकांत शिरला.

"अगं, मी आहे! आहे मी!"

आत एकच हलकल्लोळ झाला. दोघी बेशुद्ध पडल्या, आनेलीसनं टाळ्या वाजवल्या. बुरुलचा उठून उभी राहिली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. तिनं त्याचे गाल चाचपले, कान ओढून पाहिले, मग त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी एक जोरदार गुद्दा हाणला.

"कुठं होतात?"

"चौथ्या खिडकीत," असानकुल म्हणाला.

बाहेर ओरोझालीचा रुमाल नाकाशीच थांबला होता. असानकुल दारात आलेला पाहून तो लालबुंद झाला.

"तुम्ही मेला नाहीत?"

"नाही. माफ करा."

"मग मी कुणासाठी रडलो? माझ्या बापाच्या वेळी एवढा रडलो नव्हतो मी! मला रडवलं, मेंढी आणवली, चारचौघांत गाढव म्हणवून घ्यायला लावलं! पण लक्षात ठेवा, ते वाक्य मी पुरं केलेलं नाही! केलंय का कुणी सांगा!"

सगळ्यांनी काल्यचा आपाकडे पाहिलं. म्हातारीनं विचार केला. न्याय म्हणजे न्याय.

"नाही झालं पुरं," ती म्हणाली. "हा मूर्ख मध्येच जिवंत झाला."

"झालं तर!" ओरोझालीनं मेंढीची दोरी सोडली. "झिपार, चल!"

त्याची बायको झिपार अजून युर्तीच्या दारात उभी होती. सगळा वेळ ती आत बुरुलचाला टेकून बसली होती. तिचे डोळे सुजले होते.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं वाक्य तुमच्यापाशी ठेवा. मी आत बसून ऐकलंय. आयुष्यभर चुकीचं हवामान सांगणाऱ्या माणसासाठी बाई पावसात भिजते, आणि तो माणूस तिचा आवाज फुटला म्हणून हातातली सोयरीक टाकून धावत येतो. असल्या घरातली पोर मला नको, तर कुणाला हवी?" तिनं नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तुमच्या वेळी मला काय म्हणायला सुचेल, याची तर मला आतापासून काळजी लागलीय."

तेवढ्यात दवाखान्याचा पांढरा डगला घातलेली मीरिम रडत रडत अंगणात धावत आली. तिच्यामागं एल्दियार. बापाला उभा बघून तिनं त्याच्या गळ्याला मिठी मारली, आणि ती अजून हुंदके देत असतानाच झिपारनं विलापासाठी काढून खिशात टाकलेले आपले चांदीचे डूल बाहेर काढले आणि तिच्या कानात घातले. पोरीला काही समजलंच नाही. एल्दियारला समजलं. तो तिथंच बाकावर बसला.

मेंढी काही परत जाणार नव्हती. दुसऱ्याच्या दारात आणलेली मेंढी परत नेणारा माणूस अजून जन्माला यायचाय. राइसा पावलोव्हनांनी कढईखाली लाकडं सारली. लांब टेबलं मांडली गेली, बायकांनी काळे रुमाल सोडले. ओरोझाली थोडा वेळ गाडीत जाऊन बसला, मग मांसाचा वास आल्यावर उतरला आणि लीव्हनशेजारी जाऊन बसला. बेकबोलोत ट्रक घेऊन आला तेव्हा सगळे हसत-खिदळत जेवत होते. "बघितलंत, बायके?" तो समजूतदारपणे म्हणाला. "सेट कमी पडला असता."

लीव्हनचे डोळे अजून ओले होते. त्यानं असानकुलचा हात दोन्ही हातांत धरला. रस्ते, देश, बसथांबे, त्यानं पुष्कळ पाहिलं होतं, पण असं स्वागत कुठंच झालं नव्हतं, असं तो सांगत होता. मग त्यानं विचारलं, "हे दर शनिवारी असतं का?"

असानकुल ताट घेऊन युर्तीमागं गेला. तिथं बुरुलचा एकटीच बसून हातातल्या काळ्या रुमालाची घडी घालत होती.

"ते छत्रीचं खरं का गं?" त्यानं विचारलं.

"जेवा आधी."

तो जेवला. थोड्या वेळानं म्हणाला, "पुढं काय होतं? मी मध्येच आलो."

"होतं पुष्कळ."

"मग म्हण की."

बुरुलचानं घडी पुरी केली आणि रुमाल मांडीवर ठेवला. "जिवंत माणसाच्या तोंडावर म्हणत नसतात असलं काही. उरलेलं तुम्ही गेल्यावर," ती म्हणाली. मग त्याच्या ताटातला मांसाचा मोठा तुकडा तिनं बारीक करून दिला, कारण तो नेहमी घाईनं गिळायचा. "आणि घाई करू नका."